अंडं निघतं, शाई निघत नाही : फोंड्यातल्या एका लाँड्रीविषयी

पाचपैकी चार. अर्धा गुण एका बटणापायी कापला आणि अर्धा ‘फाल्यां मेळटलें’पायी, म्हणजे ‘उद्या मिळेल’पायी. एरवी गोव्यातल्या फोंड्यात पांढरा खादीचा झब्बा कुठे टाकावा असं कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून वरच्या बाजारातल्या या लाँड्रीकडे बोट दाखवीन. नाव लिहीत नाही, कारण मालकाने अक्षरशः हात जोडले. ‘मास्तर, काय हवं ते लिहा, पण नाव नको. माझ्याकडे सगळ्या पार्ट्यांचे कपडे येतात आणि इलेक्शन तोंडावर आलंय.’ सापडायला अडचण नाही. वरच्या बाजारात कुणालाही विचारा, पुढाऱ्यांचे कपडे कुठे धुतात. पोरंटोरंसुद्धा सांगतील.

मी पुढारी नाही. मराठीचा निवृत्त मास्तर आहे आणि गावच्या देवीच्या उत्सवात दरवर्षी जे नाटक होतं त्यात तोंडाला रंग लावतो. बाप, सावकार, एकदा भीष्मसुद्धा झालो. यंदा मंडळातल्याच एकाने लिहिलेलं राजकीय प्रहसन उभं राहिलं आणि उंची, पोट आणि आवाज पाहून मला मंत्री केलं. हा मंत्री देवळात शपथ घेतो, निवडून येतो, पक्ष बदलतो आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्वतःच्याच मतदारसंघात सत्कार घ्यायला येतो. तिथे हारांच्या जागी टोमॅटो येतात आणि शेवटी एक अंडं. दिग्दर्शक वीज खात्यातला, पण हट्टी माणूस. खोटा टोमॅटो प्रेक्षक तिसऱ्या रांगेतून ओळखतात, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे शाळेच्या हॉलमधल्या तालमींना खरे टोमॅटो, खरी अंडी आणि माझा खरा झब्बा.

(अंड्याचं प्रकरण पुढे देवस्थान समितीपर्यंत गेलं. देवळाच्या आवारात अंडं फुटणार हे कळल्यावर जे व्हायचं ते झालं. प्रयोगात फक्त टोमॅटो ठेवायचे, असा ठराव झाला. लेखकाने एक वाक्य बदललं आणि वाद मिटला. आमच्याकडे मंत्र्यावर काय फेकावं यावरही कमिटी बसते, हे मला आवडलं.)

तर लाँड्री. पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकाने झब्बा काउंटरवर पसरला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि खांद्यावरचा पिवळा डाग नखाने खरवडला. सुटलेली पापडी बोटावर घेऊन वास घेतला.

‘अंडं. घरी धुतलंत?’

मंडळातल्या एका उत्साही पोराने धुतला होता, गीझरच्या पाण्याने.

‘कढत पाण्यात अंड्याचं काय होतं, मास्तर?’

‘शिजतं.’

‘मग धाग्यात शिजवून आणलंत की हे.’

आयुष्यभर मी पोरांना असंच शिकवायचा प्रयत्न केला, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून. अंड्याला थंड पाणी, हा पहिला धडा. आधी थंड पाण्यात भिजवायचं, मग एन्झाइमवाली पावडर लावून ठेवायचं आणि डाग पूर्ण गेल्याखेरीज इस्त्री जवळ आणायची नाही. टोमॅटोला उलट्या बाजूने पाणी मारायचं, म्हणजे रंग आला त्याच वाटेने बाहेर जातो. मग भांड्यांचा साबण, थोडं लिंबू, आणि ऊन. टोमॅटोचा उरलेला लालसरपणा उन्हात विटतो. हळदही उन्हाला हरते, फक्त साबण लागताच ती लाल होते तेव्हा घाबरायचं नाही. दूध, मिल्कशेक, आइस्क्रीम हे दिसायला सोपं, पण त्यातलं तूप आणि साखर आत राहिली तर दुसऱ्या दिवशी जाकीट आंबूस मारतं. शाईचं नाव काढलं की मालक मान हलवतो. बॉलपेनची शाई स्पिरिटने बरीच जाते, पण बाटलीभर शाई ओतली असेल तर झब्बा पायपुसण्यात जमा. आणि मतदानाची शाई लागली तर विचारूच नका. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. टोमॅटो उन्हात फिका पडतो, ही उन्हात आणखी काळी होते.

यावरून मालकाचा स्वतःचा एक कायदा तयार झालेला आहे. पुढाऱ्यावर काय फेकलेलं चालेल? जे निघतं ते चालेल, जे निघत नाही ते चालणार नाही. म्हणून अंडं, टोमॅटो, दूध माफ. शाई, डांबर, ऑइलपेंट गुन्हा. ऐकायला गंमत वाटते, पण मी कपडे सोडायला-आणायला जात राहिलो तशी ही गंमत डोक्यात रुतत गेली. कारण ज्यांनी या विषयावर पेपरांत मोठमोठे लेख लिहिले, त्यातल्या अर्ध्याअधिकांचं म्हणणं शेवटी हेच असतं. धुतल्यावर जातंय ना, मग कसला हल्ला?

माझ्यावर टोमॅटो फेकणारा पोरगा याच मताचा. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतो, हुशार आहे, नेम चांगला आहे. एकदा तो माझ्याबरोबर लाँड्रीत आला, मुळात पिशवी धरायला, पण काउंटरवरच सभा सुरू झाली. त्याने मोबाइल काढून इंग्लंडची गोष्ट सांगितली. २० मे २०१९ रोजी न्यूकॅसलमध्ये प्रचाराला आलेल्या ब्रेक्झिट पार्टीच्या नायजेल फराज या पुढाऱ्याच्या सुटावर एकाने केळं आणि खारट कॅरॅमलचा मिल्कशेक ओतला. सव्वापाच पाउंडांचा मिल्कशेक. त्या महिन्यात तिकडे मिल्कशेकची साथच होती. फराज एडिंबरोला येणार म्हणून पोलिसांनी सभेजवळच्या मॅकडोनल्ड्सला त्या संध्याकाळी मिल्कशेक विकू नका अशी विनंती केली, आणि बर्गर किंगने लगेच आमच्याकडे शनिवार-रविवारभर मिळेल अशा थाटात ट्वीट टाकलं. त्या ट्वीटला पुढे तिथल्या जाहिरात नियंत्रकांनी बेजबाबदार ठरवलं.

‘फेकणाऱ्याचं काय झालं?’ मालकाने विचारलं.

मारहाण आणि नुकसान असे दोन्ही गुन्हे सिद्ध झाले, १५० तास समाजसेवा आणि ३५० पाउंड भरपाई.

‘म्हणजे आपले किती?’

चाळीस हजारांच्या आसपास, मी म्हटलं. मालकाने कॅल्क्युलेटर ओढला. ‘जोडीला ऐंशी धरले तर चाळीसही आमदारांचे कपडे दर महिन्याला एक जोड, वर्षभर धुऊन देतो मी यात. वर सोळाशे उरतात.’ हिशेब मी नंतर पडताळून पाहिला, बरोबर आहे. या दुकानाचे हिशेब चुकत नाहीत, हेही नोंदवून ठेवतो.

पोरग्याला जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं. ज्याच्याकडे माइक आहे, पोलीस आहेत, टीव्हीवर रोज जागा आहे, त्याच्यासमोर सामान्य माणसाकडे काय आहे? मिल्कशेक. त्याने जखम होत नाही, फक्त रुबाब उतरतो. आणि रुबाब उतरवणं हेच लोकशाहीचं काम आहे. हा मुद्दा मी सहज झटकणार नाही. इतिहासही त्याच्या बाजूने उभा करता येईल. व्हेस्पेशियन आफ्रिकेत रोमचा सुभेदार होता तेव्हा हाद्रुमेतुम गावात लोकांनी त्याला सलगमाच्या कंदांनी मारलं होतं, म्हणजे हे काही मोबाइलच्या जमान्याचं खूळ नाही. (तो पुढे सम्राट झाला, ही गोष्ट वेगळी.) आणि आमच्या गोव्यात लोकांना राग यायला कारण नाही असं कोण म्हणेल? २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी जाऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा घेतल्या. १४ सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांशांहून जास्त गेले म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यातही त्यांच्यासाठी दार उघडं. मतदाराने मग जायचं कुठे? शपथ देवासमोर, फूट कायद्यात बसणारी आणि पुढचं मत पाच वर्षांनी. आमच्या लेखकाने नाटक लिहिलं ते याच रागातून, आणि तालमीत पहिला टोमॅटो बसला तेव्हा हॉलमध्ये खिडकीत बसून बघणाऱ्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्याही याच रागातून.

पण टोमॅटो बसला माझ्या अंगावर. आणि त्याबद्दल मला जे सांगायचंय ते लेख लिहिणाऱ्यांना सांगता येणार नाही, कारण त्यांच्यावर कुणी काही फेकलेलं नसतं.

मला सगळं ठाऊक होतं. कोण फेकणार, कुठल्या वाक्याला, उजवीकडून की डावीकडून, काय फेकणार, किती पिकलेलं. स्पेनमधल्या बुन्योलला ऑगस्टात टोमॅटोची जत्रा असते, तिथे फेकण्याआधी टोमॅटो हाताने चिरडायचा असा नियमच आहे, म्हणजे लागत नाही. आम्ही तोही पाळला. फेकणारा माझा लाडका पोर. एवढं असून ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणताना माझा उजवा खांदा आपोआप कानाशी जायचा, डोळे मिटायचे आणि पुढचं वाक्य घशात राहायचं. दिग्दर्शक वैतागायचा. मंत्री बेसावध हवा, मास्तर! मी बेसावध होऊ शकत नव्हतो. मग त्याने मला न सांगता पोराला खूण केली आणि एका संध्याकाळी वाक्य यायच्या आधीच मागून मानेवर काहीतरी बसलं. थंड, ओलं, कॉलरच्या आत उतरणारं. अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात ते टोमॅटो नव्हतं. ते काय आहे ते मला माहीत नव्हतं, बस. हात मानेकडे गेला, बोटं डोळ्यांसमोर धरली, लाल दिसलं आणि पोटात खड्डा पडला. मग बी दिसली आणि मी हसलो. सगळे हसले. प्रसंग फार छान झाला असं सगळ्यांचं मत पडलं.

जिथे एकही खरा शत्रू नाही अशा शाळेच्या हॉलमध्ये हे झालं. आता भर रस्त्यात, गर्दीत, खऱ्या पुढाऱ्याच्या जागी उभे राहा. इंग्लंडात २०१६ च्या जूनमध्ये जो कॉक्स या खासदारबाईंना त्यांच्याच मतदारसंघात भररस्त्यात ठार मारलं होतं. मिल्कशेकची साथ त्यानंतर तीन वर्षांनी आली. मधल्या काळात तिथे लोकांच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकण्याचे प्रकार गाजत होते. म्हणजे प्लास्टिकच्या पेल्यातून काही पांढरं अंगावर आलं, तर ते केळं आहे की दुसरं काही, हे फेकणाऱ्यालाच माहीत असतं. ज्याच्यावर येतं त्याला नंतर कळतं. बंगळुरात २०२४ च्या नाताळच्या दिवशी आमदार मुनिरत्न यांच्या डोक्यावर अंडं फेकलं गेलं, तेव्हा अंड्यात अ‍ॅसिडसारखं काही होतं असा आरोप त्यांनी केला. तो खरा की खोटा यात मी पडत नाही. पण असा आरोप करावासा वाटू शकतो, आणि ऐकणाऱ्याला तो अशक्य वाटत नाही, एवढ्यातच सगळं आलं. शिवाय अंडं म्हणजे फूल नव्हे. लिव्हरपूलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी फेकलेल्या अंड्यांनी डोळ्यांना झालेल्या इजांवर २००६ साली रीतसर अभ्यास छापला होता. साठ ग्रॅमची वस्तू जोरात बुबुळावर आली तर काय होणार?

म्हणून मालकाचा कायदा मला अर्धाच पटतो. डाग निघाला का, हा लाँड्रीचा प्रश्न झाला आणि तो त्याने विचारावाच. पण हल्ला झाला की नाही हे डागावरून ठरवता येत नाही. माझ्या मते न विचारता दुसऱ्याच्या अंगावर काही फेकणं हा हल्लाच आहे. छोटा हल्ला. छोटा म्हणून शिक्षा छोटी असावी, पण निषेध या नावाखाली तो पूर्ण माफ करू नये.

पोरगा लगेच म्हणाला, मग कार्निव्हल? चिखलकालो? प्रश्न चांगला होता. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलात लोळतात, एकमेकांना माखतात. जुन्या कार्निव्हलात लोक एकमेकांवर पिठाच्या पुड्या फेकत, रंगीत पाणी उडवत. तिथे कुणी पोलिसांत जात नाही. कारण तिथे आलेला माणूस माखून घ्यायला आलेला असतो, आणि ज्याने फेकलं त्याच्यावरही पुढच्या क्षणाला येतं. सत्काराला आलेल्या मंत्र्याला हे लागू नाही, मग तो कितीही नालायक असो.

उलट बाजूचा आचरटपणाही सांगितला पाहिजे, नाहीतर मी सरकारचा माणूस ठरेन. १० डिसेंबर २०२२ ला पिंपरी-चिंचवडमध्ये चंद्रकांत पाटलांवर शाई फेकली गेली, फुले-आंबेडकरांबद्दलच्या त्यांच्या विधानावरून. फेकणाऱ्यांवर पोलिसांनी कलम ३०७ लावलं. खुनाचा प्रयत्न! शाईने! ओरड झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. बंदोबस्तावरचे ११ पोलीस मात्र निलंबित झाले, आणि पुढे एका जत्रेच्या कार्यक्रमाला मंत्री चेहऱ्यावर फेस शील्ड लावून आले. हे वाचून मालक म्हणाला, ‘तोंड झाकलं, झब्ब्याचं काय?’ खुनाच्या प्रयत्नाची गरज नसते. भारतीय न्याय संहितेच्या १३३ व्या कलमात एखाद्याचा अपमान करण्यासाठी बळ वापरण्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि हा गुन्हा नेमका तोच आहे. क्लॅक्टनला ४ जून २०२४ रोजी फराज यांच्यावर दुसऱ्यांदा मिल्कशेक ओतणाऱ्या तरुणीला १३ आठवड्यांची कैद झाली, तीही निलंबित, म्हणजे लगेच तुरुंगात न धाडणारी. इतपत ठीक आहे. चूक झाली हे सांगितलं गेलं आणि कुणाच्या आयुष्याचं वाटोळं झालं नाही.

आणि मिळालं काय? पोरग्याला मी हे विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. न्यूकॅसलच्या मिल्कशेकनंतर तीन दिवसांनी तिकडे युरोपीय संसदेचं मतदान झालं आणि फराज यांचा पक्ष पहिला आला. क्लॅक्टनच्या मिल्कशेकनंतर बरोबर महिन्याने ते क्लॅक्टनमधूनच खासदार झाले. मिल्कशेकमुळे झाले असं मी म्हणत नाही, पण मिल्कशेकने अडलं नाही हे नक्की. २००१ साली वेल्समध्ये जॉन प्रेस्कॉट यांनी अंडं मारणाऱ्याला जागच्या जागी ठोसा लगावला, तरी तीन आठवड्यांनी त्यांचा पक्ष पुन्हा निवडून आला आणि ते उपपंतप्रधान राहिले. आपल्याकडे सुधींद्र कुलकर्णींचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी त्यांचं तोंड काळं केलं, एका पाकिस्तानी माजी मंत्र्याच्या पुस्तकाचा कार्यक्रम ठेवला म्हणून. गृहस्थ तोंड न धुता तसेच पत्रकार परिषदेला जाऊन बसले, तो फोटो जगभर गेला आणि कार्यक्रम त्याच संध्याकाळी झाला. नाटकवाला म्हणून सांगतो, ज्याच्यावर फेकलं त्याला रंगभूषा फुकट मिळाली.

मालकाला यातली फ्रान्सच्या अध्यक्षांची, मॅक्रॉनची गोष्ट सगळ्यात आवडली. २०२१ च्या सप्टेंबरात लिऑनला खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात त्यांच्या खांद्यावर अंडं आपटलं आणि न फुटता उडून गेलं. ‘फुटलं नाही? मग उकडलेलं असणार,’ मालक म्हणाला, ‘घरात गीझरचं पाणी जास्तच तापलेलं दिसतंय.’ माझ्याकडे बघून म्हणाला.

पोरग्याचा राग मात्र मला वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून एक गोष्ट त्याला जरा लांबण लावून सांगितली. ४ जुलै २०१९, कणकवली. इथून दोन-अडीच तासांवर. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवरून तेव्हा आमदार असलेले नितेश राणे आणि त्यांचे कार्यकर्ते पुलावर गेले आणि महामार्गाच्या उपअभियंत्याच्या अंगावर बादल्या भरभरून चिखल ओतला. त्याला पुलाला बांधलं. सगळं कॅमेऱ्यासमोर. आमदारांना अटक झाली. खड्डे खरे होते, लोकांचा राग खरा होता, चिखल तर धुतल्यावर जाणाराच होता. मालकाच्या कायद्याने माफ. पण तो व्हिडिओ बघताना मला चिखल दिसला नाही, तो अभियंता दिसला. नोकरी करणारा, हात खाली सोडून उभा राहिलेला. राग खरा असेल तर अंगावर टाकलं तरी चालतं, असं एकदा ठरलं की बादली नेहमी आपल्याच हातात राहील याची हमी कोण देतो? ज्याच्यामागे माणसं जास्त त्याच्याकडे बादल्या जास्त. आणि तो वर फेकत नाही, खाली फेकतो. कारकून, मास्तर, कंडक्टर यांच्यावर.

‘मग करायचं काय?’ पोरगा म्हणाला. नाटक कर, मी म्हटलं. तो म्हणाला, हे उत्तर मास्तरांचं झालं. झालं असेल. आमच्याच गोव्यात मेळावलीला आयआयटी नको म्हणून लोक वाट अडवून बसले होते. तिथेही ६ जानेवारी २०२१ ला दगड चालले, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. पण महिना अर्धा उलटायच्या आत सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला, तो त्या दगडांमुळे असं मला वाटत नाही. गाव जागचं हललं नाही म्हणून. पोरग्याचं मत याबाबत वेगळं आहे आणि काउंटरवर कोपर टेकून तो ते अर्धा तास सांगत होता. मालकाने मधल्या वेळात चार पायजमे इस्त्री केले.

आता दुकानाचं. पुढे काउंटर, मागे दोन इस्त्र्या. एक विजेची आणि एक जुनी कोळशाची, वीज गेली की तीच. बाजूच्या फळीवर पांढऱ्या कपड्यांच्या थप्प्या. कुठल्या पक्षाचे कुठले हे ओळखायला जाऊ नका, खळ सगळ्यांना सारखीच. कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने बारीक नंबर टाकतात, त्यावरून बरोबर घरी जातात. पावसाळ्यात कपडे मागच्या खोलीत पंख्याखाली वाळवतात, तरी कुबट वास येत नाही, आणि गोव्यात जुलैमध्ये हे साधणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. माझा झब्बा तालमींच्या दिवसांत अंडी, टोमॅटो, एकदा चहा आणि एकदा पोरग्याच्या भाजीपावातली पातळ भाजी एवढं सोसून दर वेळी पांढराशुभ्र परत आला. नीळ बेताची. दिव्यांखाली निळसर झाक मारत नाही, रंगमंचावर याला फार महत्त्व असतं.

तक्रारी दोन. खळ सांगितल्यापेक्षा जास्त घालतात. रंगीत तालमीला मी हात उचलला तर बाही पापडासारखी कडकडली आणि प्रॉम्पटर दचकला. ‘पुढाऱ्यांना अशीच लागते,’ हे त्यांचं समर्थन. कमी हवी असेल तर पावतीवर लिहून घ्या. दुसरी, वरून तिसरं बटण गेलं ते गेलंच. नवीन लावून दिलं, पण ते किंचित पिवळट आहे. आणि ‘फाल्यां’चं काय सांगू. उद्या म्हटलं की परवा धरून चाला, उत्सवाच्या दिवसांत तेरवा.

प्रयोग झाला. टोमॅटो पिळून घेतलेले, वाक्य ठरलेलं, आवारात अंडं नाही. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून एक पुढारी बसले होते. पक्ष सांगत नाही, बदललेला असू शकतो. टोमॅटो छातीवर बसला तेव्हा अख्खं आवार हसलं. पुढारी मात्र हसायच्या आधी मागे वळून बघत होते, कोण कोण हसतंय ते. नाटक संपल्यावर रंगपटात आले, हात मिळवला, माझ्या झब्ब्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘याला थंड पाणी लावा हां.’ म्हणजे गिऱ्हाईक त्याच लाँड्रीचं. मी विचारलं, तुमच्यावर कधी कुणी फेकलंय का? म्हणाले, एकदा, प्रचारात, मागून. काय होतं? ‘ताक,’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘ताक आहे ते घरी जाऊन कळलं.’ पोरगा शेजारीच दाढी सोडवत उभा होता. त्याने ऐकलं. काही बोलला नाही.

दर असे : झब्बा-पायजमा जोड धुऊन, इस्त्री करून ऐंशी रुपये, खळीचे दहा जादा, डाग काढायचे तीस, मग डाग कुठलाही असो. जाकीट ड्रायक्लीन दीडशे. सकाळी साडेआठला उघडतं, दुपारी एक ते साडेतीन बंद, रविवारी पूर्ण बंद. सोमवारी सकाळी जाऊ नका, रविवारचे सगळे सत्कार तेव्हा धुवायला येतात. यूपीआय चालतं. पावती मागून घ्या आणि कपडे देताना त्यांच्यासमोरच बटणं मोजा.